पहिल्या सेल्फला लागणारा दिवा

डिझेल मोटारीचा एक दोष असा आहे की तो गॅरेजमध्ये सहसा दिसतच नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू केली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. कधी तो हिटरचा, वेटोळ्याच्या चिन्हाचा असतो, कधी इंजिनाच्या आकाराचा. सेल्फ दोन-तीन सेकंद जास्त मारावा लागतो, थोडा पांढरा धूर येतो, इंजिन काही क्षण थरथरते आणि मग सगळे सुरळीत होते. अकरा वाजता गॅरेज उघडते तेव्हा मिस्त्रीपुढे गरम इंजिनाची धडधाकट गाडी उभी असते. स्कॅनर लावला जातो, एखादा कोड निघतो, तो उडवला जातो, अंदाजाने एखादा भाग बदलला जातो आणि आठवडाभरात दिवा परत येतो. सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे जानेवारीतही सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असते, थंडीची लाट आली तर ते १० पर्यंत उतरते. डिझेल गोठते, ऑइल सेल्फच फिरू देणार नाही इतके घट्ट होते ही थंड देशांतल्या पुस्तकांतली कारणे इथे लागू पडत नाहीत. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलचा प्रवाहबिंदू ३ अंशांपेक्षा वर असता कामा नये. म्हणजे सोलापूरच्या सर्वांत गार पहाटेलाही टाकीतले डिझेल आरामात वाहते. तरीही दिवा लागतो, आणि बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीतच लागतो. याचे स्पष्टीकरण काय, त्यावर गॅरेजांत आणि तांत्रिक पुस्तकांत कोणती मते आहेत आणि त्यांतले किती टिकते, याचा हा आढावा.

हिटर प्लगपासून संगणकापर्यंत

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत सोडलेले डिझेल आपोआप पेटते. धातू गार असला की ही उष्णता भिंतींत निघून जाते, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये हिटर प्लग बसवलेला असतो. १९८० च्या सुमारास डिझेल अॅम्बॅसॅडर आली, पुढे सोलापूरच्याच वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची १३७डी ही डिझेल पद्मिनी आली, १९९४ मध्ये टाटा सुमो आणि १९९८ च्या अखेरीस इंडिका. इंडिकाच्या १.४ लिटर इंजिनासारख्या त्या काळच्या अनेक छोट्या डिझेल इंजिनांत डिझेल थेट मुख्य कक्षात न जाता बाजूच्या छोट्या कक्षात फवारले जाई. अशा रचनेत धातूचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णतेची गळतीही जास्त. म्हणूनच या इंजिनांचे दाबगुणोत्तर २० च्या वर ठेवलेले असे आणि तरीही सोलापूरसारख्या उबदार गावात सकाळी हिटर दिल्याशिवाय ती नीट लागत नसत. डॅशबोर्डवरचा हिटरचा दिवा तेव्हा साध्या टायमरवर चाले. तो विझला की सेल्फ मारायचा, एवढाच त्याचा अर्थ. प्लग खरोखर तापले का, हे त्या दिव्याला ठाऊक नसे.

२००० नंतर कॉमन रेल आले. ह्युंदाई अॅक्सेंटची सीआरडीआय, मग स्कॉर्पिओ, इनोव्हा आणि २००७ पासून १२४८ सीसीचे डिझेल इंजिन असलेली मारुती स्विफ्ट. या इंजिनांत डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने थेट मुख्य कक्षात जाते. दाबगुणोत्तर १६ ते १८ वर आले आणि बीएस-६ च्या काही इंजिनांत त्याहूनही खाली. १५ अंश तापमानात यांतली बरीचशी इंजिने एखादा प्लग मेलेला असला तरी लागतात. मात्र आता दिव्यामागे टायमर नाही, संगणक आहे. बीएस-४ मोटारींना २०१० पासून प्राथमिक आणि २०१३ पासून विस्तारित स्वरूपात स्वतःचे प्रदूषण-नियंत्रण तपासणारी यंत्रणा सक्तीची झाली. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झाले, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६. त्या टप्प्यावर मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. म्हणून सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या रस्त्यांवर ज्या छोट्या डिझेल गाड्या आज दिसतात त्यांतल्या पुष्कळशा आठ-दहा वर्षांपलीकडच्या आहेत. दिव्याचा प्रश्न अशा गाड्यांत जास्त पेटतो.

या इतिहासामुळे मिस्त्रींच्या अनुभवातही दोन पिढ्या पडल्या आहेत. ज्याचा हात इंडिका-सुमोवर बसला, तो सकाळची तक्रार ऐकताच हिटर प्लग म्हणतो. त्याच्या गाड्यांच्या बाबतीत ते बहुधा बरोबरच होते. ज्याने काम कॉमन रेलवर शिकले, तो प्लगकडे शेवटी बघतो. दोघेही अनुभवाने बोलतात, अनुभव मात्र वेगवेगळ्या इंजिनांचा आहे.

मते

पहिले मत हिटरवाल्यांचे. दिवा हिटरचा आहे, कोड हिटरचा आहे (पी०३८० किंवा सिलिंडरवार पी०६७१ ते पी०६७४), तेव्हा चारही प्लग बदला. चारही एकाच वयाचे असतात, एक गेला की बाकीचे मागोमाग जातात, आणि इंजिन एकदाच उघडावे लागते, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. अडचण अशी की हे कोड प्लगविषयी कमी आणि प्लगच्या वायरिंग-मंडलाविषयी जास्त बोलतात. प्लग, त्याच्या डोक्यावरची टोपी, वायर, रिले किंवा नियंत्रक, फ्यूज आणि इंजिनाचे अर्थिंग यांपैकी कुठेही खंड पडला तरी कोड तोच येऊ शकतो. शिवाय जुना प्लग काढणे हे निरुपद्रवी काम नाही. लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनात तो कार्बनने जाम होतो. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग साधारण ३५ न्यूटन-मीटरच्या पुढे जोर लावला की तुटू शकतो, आणि तुटलेले टोक हेडमध्ये राहिले तर हेड उतरवण्याचा खर्च चार प्लगांच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून चारही बदला हा सल्ला मोजमापानंतर शहाणपणाचा ठरू शकतो, मोजमापाआधी नाही.

दुसरे मत वायरमनचे, म्हणजे बॅटरीवाल्यांचे. सकाळच्या पहिल्या सेल्फला बॅटरीवर जेवढा ताण पडतो तेवढा दिवसभरात पुन्हा पडत नाही. प्लग सुरुवातीला प्रत्येकी दहा-वीस अँपिअर ओढतात, त्यावर सेल्फची मोटर शेकडो अँपिअर ओढते. व्होल्टेज कोसळले की संगणक आणि त्याचे सेन्सर क्षणभर गोंधळतात आणि ज्याचा मूळ दोषाशी संबंध नाही असे कोड नोंदले जातात. या मताच्या बाजूने सोलापूरची हवा उभी आहे. त्याकडे पुढे येऊ.

तिसरे मत पंप-नोझलवाल्यांचे. रात्रभर उभ्या गाडीत फिल्टरची सील, झिजलेला पाइप किंवा हातपंपाचा व्हॉल्व्ह यांतून हवा शिरते, डिझेल टाकीकडे उतरते, सकाळी रेलमध्ये दाब भरायला वेळ लागतो. बहुतेक इंजिनांत सेल्फ फिरताना रेलचा दाब दोनशे बारच्या आसपास गेल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही. नोझल झिजून परतीच्या नळीतून जास्त डिझेल सोडत असतील तर तो दाब गाठायला उशीर होतो. हे स्पष्टीकरण खूप गाड्यांत खरे ठरते. पण त्याची खूण वेगळी असते: इंजिन फिरत राहते, लागत नाही, धूरही येत नाही. डिझेल आत गेलेच नाही तर धूर कशाचा येणार? पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचले पण नीट पेटले नाही, आणि ते पुन्हा प्लगकडे किंवा कॉम्प्रेशनकडे बोट दाखवते. धुराकडे बघण्याची ही जुनी सवय स्कॅनरच्या काळात मागे पडते आहे, पडू नये.

चौथे मत स्कॅनरवर भिस्त ठेवणाऱ्यांचे, पाचवे दुर्लक्ष करा म्हणणाऱ्यांचे. स्कॅनरवाल्यांची ताकद ही की ते अंदाजाच्या जागी नोंद आणतात. त्यांची उणीव ही की नोंद म्हणजेच निदान असे मानले जाते. दुर्लक्षवाल्यांचे म्हणणे सोपे आहे: सोलापुरात गाडी हिटरशिवाय लागते, मग दिव्याचे कौतुक कशाला? बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांबाबत हे चालून जाईल. नव्या गाड्यांत प्लगचे काम सेल्फनंतरही दोन-तीन मिनिटे चालते. इंजिनाचा खडखडाट आणि धूर त्याने कमी होतो. शिवाय काही बीएस-६ गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगचा दोष नोंदलेला असेल तर डीपीएफमध्ये (धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये) साठलेली काजळी जाळण्याची क्रियाच रोखली जाते. ती क्रिया सहाशे अंशांच्या आसपास होते आणि तिला सलग वेग लागतो. सात रस्ता ते जुळे सोलापूर असा चार-पाच किलोमीटरचा रोजचा फेरा तिला आधीच पुरत नाही. त्यात ती बंदच राहिली तर स्वस्तातला प्लग महागड्या डीपीएफपर्यंत नेऊन सोडतो.

थंडीतच का

मतांच्या या गर्दीत एक गृहीतक सगळ्यांनी न तपासता घेतले आहे: दिवा थंडीत लागतो म्हणजे दोष थंडीमुळे आहे. माझ्या मते सोलापूरच्या बाबतीत हे गृहीतक बहुतेक वेळा चुकीचे आहे, आणि दिवा परत परत येण्याचे मूळही त्यातच आहे. थंडी दोष बहुधा निर्माण करत नाही. ती त्याची तपासणी घडवून आणते.

पहिला पुरावा संगणकाच्या नियमांतून मिळतो. प्लगचे मंडल तुटले आहे का, हे अनेक गाड्यांत प्लगला वीज दिली जाते तेव्हाच तपासले जाते, आणि वीज कूलंटचे तापमान ठरावीक मर्यादेखाली असेल तरच दिली जाते. मे महिन्यात चाळीशी ओलांडलेल्या दुपारी मेलेल्या प्लगची चौकशीच होत नाही. त्यात दिव्याचा स्वतःचा नियम असा की बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावर दिवा लागतो, लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर विझतो आणि कोड मात्र इंजिन चाळीस वेळा गार होऊन गरम होईपर्यंत स्मृतीत राहतो. म्हणजे जानेवारीत लागलेला दिवा मार्चमध्ये आपोआप गेला, तर गाडी दुरुस्त झाली असे नाही. मधल्या काळात बदललेल्या भागाला मात्र फुकटचे श्रेय मिळते.

दुसरा पुरावा बॅटरीचा. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम वापरला जातो. सोलापूरचा उन्हाळा आणि बॉनेटखालची उष्णता मिळून बॅटरीच्या पट्ट्या मार्च ते जूनमध्ये खराब करतात. गरम हवेत आणि गरम इंजिनावर कमजोर बॅटरीही सेल्फ फिरवते, म्हणून ते कळत नाही. डिसेंबरात गार ऑइलमुळे सेल्फला जोर जास्त लागतो, बॅटरीची रासायनिक क्रिया किंचित मंदावते आणि मेमध्ये झालेले नुकसान सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर येते. म्हणून वायरमनचे निदान सोलापुरात थंड प्रदेशांपेक्षा जास्त वेळा खरे ठरावे, अशी अपेक्षा धरायला जागा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. बॅटरी हेच कारण असेल तर नव्या बॅटरीनेही अनेकांचा दिवा का जात नाही? उत्तर असे की बॅटरी हा विजेच्या वाटेचा एक टप्पा आहे. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल, टर्मिनलवर पांढरी पूड साठली असेल किंवा जीपीएस आणि म्युझिक सिस्टिम रात्रभर वीज खात असतील, तर नवी बॅटरीही चार-सहा महिन्यांत जुन्यासारखी वागू लागते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: काही दोष खरोखर गारठ्यानेच उघडे पडतात. गार झाल्यावर आकसणारी सैल पिन, कडक झालेली रबरी सील, कॉम्प्रेशन हरवलेले जुने इंजिन, यांना दहा-पंधरा अंशांचा फरकही पुरतो. हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून वरचा युक्तिवाद बॅटरी बदला असा उपाय सांगत नाही. भाग ठरवण्याआधी गार इंजिनावर मोजमाप घ्या, इतकाच त्याचा रोख आहे.

पुरावा कसा धरायचा

मोजमापाचा क्रम सोपा आहे, फक्त त्यासाठी गाडी आदल्या रात्रीपासून गॅरेजमध्ये उभी असावी लागते. सकाळी चावी पहिल्या टप्प्यावर फिरवायची, सेल्फ मारायचा नाही, आणि स्कॅनरवर तीन आकडे वाचायचे: कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि बाहेरचे तापमान. आठ-दहा तास उभ्या गाडीत हे तिन्ही जवळजवळ सारखे हवेत. बाहेर १४ अंश असताना कूलंट ५५ दाखवत असेल तर संगणक हिटर कमी देणार किंवा देणारच नाही. उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे, कारण उघड्या मंडलाचे वाचन बहुतेक गाड्यांत तेच येते. प्लग मात्र अशा वेळी पूर्ण निर्दोष असू शकतात. दोन मिनिटांच्या या वाचनाने प्लगचा अर्धा वाद मिटतो.

मग मल्टिमीटर. रात्रभर विश्रांती घेतलेल्या चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. सेल्फ फिरताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याच क्षणी बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरला आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे, बॅटरी कितीही नवी असो. हिटरच्या मुख्य वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावला तर चारही प्लगांचा एकत्रित प्रवाह दिसतो. तो अपेक्षेच्या पाऊणपट असेल तर एक प्लग गेला, शून्य असेल तर चारही प्लग एकदम मेल्याची शक्यता फार कमी, आधी रिले, फ्यूज किंवा नियंत्रक बघावा. प्लग उघडून थेट बॅटरीवर लाल करून बघण्याची जुनी पद्धत इंडिकापर्यंत ठीक होती. आताचे अनेक प्लग ५ किंवा ७ व्होल्टांसाठी बनवलेले असतात आणि नियंत्रक त्यांना तुकड्यातुकड्याने वीज देतो; त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर तपासणीतच चांगला प्लग जळतो.

सर्वांत दुर्लक्षित पुरावा गाडीच्या स्मृतीतच असतो. कोड नोंदताना संगणक त्या क्षणाचे तापमान, व्होल्टेज, इंजिनाचे फेरे, वेग अशी चौकट गोठवून ठेवतो. कोड उडवला की ती चौकटही जाते. दिवा विझवून गाडी परत देण्याच्या घाईत जो एकमेव साक्षीदार होता तोच नाहीसा होतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजापासून सुरुवात होते. कोड उडवण्याआधी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढणे, एवढी एक सवय लागली तरी परत येणाऱ्या दिव्यांची संख्या घटेल असे मला वाटते. रेलच्या दाबाचा संशय असेल तर सेल्फ फिरतानाचा दाब आणि चारही नोझलांच्या परतीच्या नळ्यांतले डिझेल छोट्या बाटल्यांत मोजणे हा पुढचा टप्पा. एक बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरली तर कुठे बघायचे ते डोळ्यांनीच दिसते.

एक इशारा इथेच नोंदवायला हवा. वरचे सगळे पिवळ्या दिव्यांविषयी आहे. सेल्फनंतर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन बंद करावे. तिथे चर्चेला वेळ नसतो.

जे सुटलेले नाही

काही प्रश्नांवर प्रामाणिक मतभेद उरतात. एक प्लग गेला तर चारही बदलावेत का, यावर चांगले मिस्त्री दोन्ही बाजूंना आहेत. प्लग सहज हाताला येणाऱ्या इंजिनात एकच बदलणे आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवावे लागणाऱ्या इंजिनात चारही बदलणे, ही तडजोड मला जास्त पटते. कमी किमतीचा स्कॅनर पुरतो का, हाही वाद आहे. सर्व गाड्यांना समान असलेले कोड तो वाचतो, पण हिटर नियंत्रकाच्या आतली सिलिंडरवार माहिती अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या कोडमागे असते. ती स्वतंत्र गॅरेजांना किती आणि काय दरात मिळावी, हा दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, वर्षअखेर संकेतस्थळ सुरू केले आणि वाहन-क्षेत्र त्याच्या चार क्षेत्रांत घेतले. पण कंपन्यांवर बंधन घालणारा कायदा त्यातून आलेला नाही.

पीयूसीची बाजूही अर्धवट आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत गरम इंजिनाला झटक्याने रेस देऊन धुराची गडदता मोजली जाते. सकाळच्या पहिल्या तीन मिनिटांचा धूर त्या चाचणीत येतच नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे, पण गार इंजिनाच्या धुराचा त्यातला वाटा वेगळा काढला जात नाही. दुसऱ्या टोकाला, डीपीएफ काढून टाकून सॉफ्टवेअरमध्ये दिवा कायमचा बंद करण्याचा उपायही सुचवला जातो. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने तो बेकायदा फेरबदल आहे आणि निदानाच्या दृष्टीने तो प्रश्नच पुसून टाकतो, म्हणून त्याला इथे मत म्हणून जागा दिलेली नाही.

आणि मजुरीचा प्रश्न आहे. गाडी रात्रभर ठेवून घेणे, सकाळी आठला येऊन तासभर मीटर धरणे आणि शेवटी अर्थिंगचा एक बोल्ट घासून घट्ट करणे, याचे बिल कसे करायचे? भाग बदलला की त्यावर नफा आणि मजुरी दोन्ही मिळतात, ग्राहकाच्या हातात जुना भाग ठेवता येतो. मोजमापाच्या तासाला बहुतेक गॅरेजांच्या दरपत्रकात ओळच नसते, आणि ती असावी असे म्हणणारे ग्राहकही फारसे नाहीत.